अनोळखी गाणं वाजवायचंय? आधी फ्लोअर भरा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नव्या डीजेंसाठी

घरी हेडफोन लावून ऐकताना अंगावर काटा आणणारी रेकॉर्ड शनिवारी रात्री हॉटेलच्या टेरेसवर लावली, की पहिल्या मिनिटात लोक पाणी प्यायला जातात, दुसऱ्या मिनिटात फोन काढतात आणि तिसऱ्या मिनिटात कुणीतरी टेबलाशी येऊन विचारतं, "भावा, काय लावलायस हे?" या प्रश्नाची धास्ती घेऊन बरेच नवे डीजे कायमचे हिट गाण्यांच्या यादीत जाऊन बसतात. काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि आपली निवड लोकांना कळत नाही म्हणून लोकांवरच रुसतात. दोघांचंही काम फार दिवस चालत नाही. पहिल्याच्या जागी हॉटेलवाला पेन ड्राइव्ह लावून मोकळा होतो, दुसऱ्याला तो परत फोनच करत नाही.

मी बेळगावात आणि अधूनमधून चोर्ला घाट उतरून गोव्यात हे काम करतो. हा लेख लाउंज, टेरेस पार्टी, छोटा क्लब, हॉटेलातली न्यू इयर नाइट अशा जागांसाठी आहे. गणपतीची मिरवणूक, हळद आणि वरात यांचं गणित वेगळं. तिथे अनोळखी गाण्याचा हट्ट धरू नका, नवरदेवाचे मामा ऐकून घेणार नाहीत.

१. पार्किंगपासून सुरुवात करा

कामाच्या तासभर आधी पोहोचा आणि वर जाण्याआधी गाड्यांच्या नंबरप्लेट बघा. केए-२२ म्हणजे बेळगावातले, केए-२३ चिकोडी-निपाणीकडचे, केए-४९ गोकाकचे, एमएच-०९ म्हणजे कोगनोळीवरून किंवा शिनोळीवरून आलेले कोल्हापूरकर. गोव्याच्या गाड्याही दिसतात. त्यातले बरेच जण बाजारहाटाला नाहीतर दवाखान्याला आलेले असतात, तेव्हा जीए दिसलं म्हणून लगेच टेक्नो म्युझिकची स्वप्नं बघू नका.

मग मॅनेजरला गाठा. मोठं बुकिंग कुणाचं आहे, वाढदिवस आहे का, मागच्या आठवड्यात लोक कशावर उठले आणि कशावर बसले, एवढं विचारलं तरी पुरे. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा शहरातली हॉटेलं बेंगळुरू-म्हैसूरकडच्या लोकांनी भरतात आणि एरवी चालणारी अर्धी यादी बाद होते. केएलई या इथल्या शिक्षणसंस्थेची मेडिकलची मुलं आली तर त्यात केरळ, दिल्ली, अगदी मलेशियाचीही असतात. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे लष्करी कुटुंबं येतात, त्यांना पंजाबी चालतं आणि जुनं हिंदी त्याहून जास्त चालतं.

एवढा खटाटोप का करायचा, तर ओळखीचं गाणं असं काही मुळात नसतंच. कुणाच्या तरी ओळखीचं गाणं असतं. वडगावच्या पोराला पाळण्यापासून ठाऊक असलेलं कोळीगीत कोट्टयमच्या मुलीला पूर्ण नवं. गोकाकच्या ग्रुपला तोंडपाठ असलेलं जानपद गाणं, म्हणजे कन्नड लोकगीत, बेळगावातल्याच शहापूरच्या टेबलाने कधी ऐकलेलं नसतं, जरी दोन्ही टेबलांमध्ये चार फुटांचंच अंतर असलं तरी. पुण्या-मुंबईच्या डीजेला दुर्मीळ गाणी शोधायला बाजार धुंडाळावा लागतो. आपल्याकडे शेजारच्या टेबलाचं हिट गाणंच दुर्मीळ असतं. ही अडचण आहे असं नवीन माणसाला वाटतं. माझ्या मते सीमाभागातल्या डीजेला मिळालेली सगळ्यात मोठी सवलत हीच आहे, कारण इथे अनोळखी गाणं वाजवताना खोलीतले निदान चार लोक ते गाणारे मिळतात. ते चार जण नाचले की बाकीच्यांना ते ऐकावंसं वाटतं.

२. गाण्यांच्या तीन पेट्या करा

पेटी म्हणजे खरीखुरी पेटी असो वा लॅपटॉपवरचा फोल्डर. तीन भाग: ओळखीची, अर्धवट ओळखीची, अनोळखी. तीन तासांच्या कामाला साधारण ५० ते ६० गाणी लागतात. मी ६० ओळखीची, ६० अर्धवट ओळखीची आणि फार तर २० अनोळखी घेऊन जायला सांगेन. या २० मधली ६-७ जमली तरी रात्र चांगली गेली असं समजा.

नव्या डीजेकडे पहिली आणि तिसरी पेटी असते, मधली नसते. आणि सगळी कला मधल्या पेटीत आहे. तिच्यात काय भरायचं ते सांगतो.

ओळखीचा आवाज, अनोळखी गाणं. नामवंत गायकाने गायलेलं पण कधी न गाजलेलं गाणं. सिनेमा पडला म्हणून गाणंही मेलं, अशी शेकडो आहेत. आवाज कानावर पडला की लोक निम्मे आत येतात.

ओळखीची चाल, दुसरी भाषा. एकाच चालीवरची हिंदी, कन्नड, तमिळ, मराठी गाणी जमवा. बेळगावात याच्याइतकं हुकमी दुसरं काही नाही. कन्नड टेबल शब्दांवर नाचतं, मराठी टेबल चालीवर.

ओळखीचा ताल. हलगी सीमेच्या दोन्ही बाजूंना वाजते. संबळही तसाच. गोंधळी इकडे मराठीत गातात, तिकडे कन्नडमध्ये. डोळ्ळू या कानडी ढोलाचा घुमारा कोल्हापूरच्या माणसालाही समजावून सांगावा लागत नाही. शब्द नसलेला दीड-दोन मिनिटांचा तालवाद्यांचा तुकडा हाताशी असला, की कुठल्याही भाषेतून कुठल्याही भाषेत जाता येतं. असे तुकडे दहा-पंधरा तरी तयार ठेवा.

मूळ गाणं. सध्याच्या एखाद्या हिटमध्ये जुन्या गाण्याचा तुकडा वापरलेला असतो. ते जुनं गाणं शोधून काढा. तो तुकडा आला की खोलीत "अरे, हे तर ते" असा एक आवाज उठतो, आणि तुम्ही न गाजलेली रेकॉर्ड वाजवताय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

ओळखीचा राग. हे जरा धाडसाचं. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग बसवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले डान्स म्युझिकवाले चक्रावून गेले. यमन, भूपाळी, मालकंस अशी नावं आहेत तिच्यात. बेळगाव-धारवाड पट्ट्यात रागदारी न शिकलेल्याच्या कानातही भूपाळी असतेच. संध्याकाळी सातला, लोक सूप पीत असताना, हे लावून बघा.

३. सामान

सुरुवातीला महागडं काही नको. दोन चॅनेलचा साधा कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी हाताने चालवायचं यंत्र), चांगला हेडफोन, लॅपटॉप आणि एकसारखी भरलेली दोन पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना एफएटी-३२ हा प्रकार निवडा, एनटीएफएस नको. दुसऱ्याच्या जागेवर जुना पायोनियरचा प्लेअर असेल तर तो एनटीएफएसवाली पेन ड्राइव्ह वाचत नाही, आणि हे नेमकं काम सुरू होताना कळतं.

गावातल्या मोबाइलच्या दुकानात "तीन हजार गाणी" भरून मिळणारं कार्ड घेऊ नका. त्यातल्या निम्म्या गाण्यांत दुसऱ्याच डीजेचं नाव दर मिनिटाला ओरडत असतं. उरलेली इतकी दाबलेली असतात की घरच्या स्पीकरवर बरी वाटतात आणि मोठ्या सिस्टीमवर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. गाणी विकत घ्या. एमपीथ्री असेल तर ३२० केबीपीएसची, नाहीतर डब्ल्यूएव्ही.

आता ज्यांना खऱ्या तबकड्या वाजवायच्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आलं आणि १९७९ च्या एमके-२ या सुधारित मॉडेलपासून जगभरच्या क्लबांत तेच ठाण मांडून बसलं. त्याचा वेग ८ टक्के वर-खाली करता येतो. लक्षात ठेवा, साधारण ६ टक्क्यांना सूर अर्ध्या स्वराने सरकतो. त्यामुळे लताबाईंची रेकॉर्ड ८ टक्के पळवली तर आवाज पातळ होतो आणि आपल्याकडच्या कानांना ते लगेच खटकतं. गाणं असेल तर ३ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका, नुसता ताल असेल तर काय ते करा. कॉम्प्युटरवर सूर धरून वेग बदलता येतो, पण जास्त ताणलं की तिथेही आवाज फाटतो.

आपल्या जिल्ह्यात गाण्याचं वेड जुनं आहे. कुमार गंधर्व १९२४ मध्ये जन्मले ते इथल्याच सुळेभावीला. त्यामुळे कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरून नाट्यसंगीताच्या तबकड्या निघतात आणि नव्या डीजेला खजिना मिळाल्यासारखं होतं. पण त्या बहुतेक ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या असतात. एमके-२ वर फक्त ३३ आणि ४५ चा वेग आहे. शिवाय ७८ ची चर रुंद असते, तिला जाड सुई लागते. एलपीची सुई तिच्यात नीट बसत नाही, नुसता खरखराट ऐकू येतो आणि सुईही खराब होते. अशी तबकडी योग्य सुई असलेल्या माणसाकडून रेकॉर्ड करून घ्या आणि फाइल वाजवा. मूळ तबकडी क्लबात नेऊच नका, ती लाखेची असते आणि पडली की तुकडे होतात.

आणखी चार गोष्टी पटापट:

- टर्नटेबलची वायर मिक्सरच्या फोनो इनपुटला लावा, लाइनला नाही. लाइनला लावली तर आवाज बारीक आणि बेसच नाही. घूं असा आवाज येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर जोडायची राहिलीय.
- लाकडी स्टेजवर सुई उड्या मारते. खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि वर शहाबादी फरशी ठेवून त्यावर टर्नटेबल मांडा. दीडशे रुपयांत काम होतं.
- पावसाळ्यात आपल्याकडची हवा महिनोन् महिने ओली. तबकड्या उभ्या ठेवा, आतलं प्लास्टिकचं पाकीट बदला, नाहीतर बुरशी धरते.
- लॅपटॉप आणि मिक्सरपुरता एक छोटा यूपीएस जवळ ठेवा. लाइट गेल्यावर जनरेटर चालू व्हायला लागणाऱ्या अर्ध्या मिनिटात लॅपटॉप बंद पडला तर पुन्हा सगळं उभं करेपर्यंत लोक जेवायला बसतात.

तबकड्या कुठे मिळतील? मुंबईच्या चोर बाजारातली मटण स्ट्रीट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे भावही तसेच. मी आधी नातेवाईक, शेजारी, बंद पडलेली सायकल-रेडिओची दुकानं आणि जुन्या बँडवाल्यांची घरं बघायला सांगेन. घेताना तबकडी उजेडात तिरकी धरा. नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडून द्या, नुसता दिसणारा असेल तर बहुतेक वेळा चालतो.

४. कागदपत्रं

कंटाळवाणा भाग आहे, पण रात्री साडेनऊला पोलीस आले की हाच कामाला येतो.

- तुमचं ओळखपत्र आणि दोन झेरॉक्स.
- हॉटेलशी ठरलेलं सगळं लिहून: तारीख, वेळ, पैसे, सिस्टीम कुणाची, कार्यक्रम रद्द झाला तर काय. व्हॉट्सॅपवर लिहून "ओके" आलं तरी चालेल. निम्मे पैसे आधी, उरलेले शेवटच्या गाण्याच्या आधी.
- ध्वनिक्षेपकाच्या परवानगीची प्रत. ती काढणं आयोजकाचं काम, पण फोटो तुमच्या मोबाइलमध्ये हवा. "काढलीय हो" या तोंडी उत्तरावर सामान उतरवू नका.
- हॉटेलने गाण्यांचे परवाने घेतलेत का याची खात्री. रेकॉर्डच्या हक्कांसाठी पीपीएल आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस अशा दोन वेगळ्या संस्था आहेत, एकीचा कागद दाखवून दुसरीचं काम भागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात वरात व लग्नाचे समारंभ धरले आहेत. तिकीट लावलेल्या शनिवारच्या पार्टीला ती सूट नाही.
- कोल्हापूर किंवा गोव्याकडे सामान नेत असाल तर बिलांच्या झेरॉक्स आणि सिरियल नंबरांसह सामानाची यादी. हे विकायला नाही, वापरायला नेतोय हे सांगणारा कागद गाडीत असला की नाक्यावरचं बोलणं दोन मिनिटांत आटोपतं.

५. रात्रीचा आराखडा दहाच्या काट्यावर करा

यूट्यूबवरचे परदेशी डीजे सांगतात की रंग मध्यरात्रीनंतर भरतो. ते त्यांच्याकडे. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार काही सणासुदीला १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात १५ दिवसांपेक्षा जास्त नाही. बंद सभागृह, बँक्वेट हॉल यांना नियमात वेगळं धरलंय, तरीही आवाज बाहेर जाता कामा नये. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे हळू आवाजातल्या गप्पांपेक्षाही कमी. टिळकवाडीत शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांनी फोन केला की खेळ खलास.

म्हणून जागा उघडी की बंद हे बुकिंग घेतानाच विचारा. टेरेस असेल तर तुमची मध्यरात्र नऊ वाजता असते.

सात ते आठ हा तास अनोळखी गाण्यांचा. लोक येतायत, खातायत, बोलतायत. कुणी नाचणार नाही हे ठरलेलंच असतं, त्यामुळे पडायची भीती नाही. मिनिटाला ९५ ते ११० ठोक्यांच्या आत राहा, आवाज इतका की समोरच्याला ओरडून बोलावं लागू नये. हा तास हिट गाण्यांत उधळला की नऊ वाजता हातात काही उरत नाही. नवीन डीजे हमखास हेच करतात, कारण रिकामा फ्लोअर बघवत नाही. बघायला शिका.

आठ ते पावणेनऊ मधली पेटी. माना हलायला लागतात, एखादं टेबल टाळ्या धरतं.

पावणेनऊपासून ओळखीची. इथे तीन ओळखीच्या गाण्यांमागे एक अनोळखी किंवा अर्धवट ओळखीचं, याहून जास्त नाही. आणि अनोळखी गाणं फ्लोअर ओसरायला लागल्यावर नाही, भरलेला असताना लावायचं. ओसरणाऱ्या फ्लोअरवर ते लावणं म्हणजे स्वतःहून दार उघडून लोकांना वाट दाखवणं.

नऊ पन्नासला शेवटची दोन गाणी सुरू करा, दोन्ही सगळ्यांची. नऊ अठ्ठावन्नला मॅनेजर स्विचजवळ उभा असतो. गाणं मध्येच तुटलं तर लोकांना तेवढंच आठवतं.

शेवट ओळखीच्या गाण्याने करण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. इंग्लंडच्या विगन गावात १९७३ ते १९८१ कसिनो नावाचा क्लब होता. तिथे अमेरिकेत न खपलेल्या सोल संगीताच्या रेकॉर्ड्सवर पोरं रात्रभर नाचायची. दुर्मीळपणाचं वेड इतकं की आपल्या रेकॉर्डचं नाव दुसऱ्याला कळू नये म्हणून डीजे लेबलवर कागद चिकटवून खोटी नावं सांगायचे. जमैकात किंग्स्टनचे साउंड सिस्टीमवाले तर त्याच्याही आधीपासून लेबलं खरवडून टाकत. तर या विगनमध्येही सकाळी आठला बंद करताना दर वेळी तीच तीन गाणी लागायची. आणि ती गाणीही एके काळी फारशी कुणाला माहीत नव्हती, वाजवून वाजवून तिथल्या लोकांची झाली.

६. अनोळखी गाणं आत कसं सोडायचं

ओळखीच्या गाण्याचं शेवटचं धृपद चालू असतानाच त्याच्या खाली अनोळखी गाण्याचा ताल सुरू करा. लोकांचे पाय चालूच राहतात आणि शब्द संपेपर्यंत पाय नव्या गाण्यात पोहोचलेले असतात. त्यासाठी ठोके मोजता यायला हवेत. बहुतेक नाचाची गाणी ३२ ठोक्यांच्या पट्टीत, म्हणजे तुकड्यांत चालतात, नवं गाणं पट्टीच्या पहिल्या ठोक्यावर यायला हवं. हे घरी हाताने टेबल वाजवत शिका, स्क्रीनवर बघून नको.

दोन अडचणी येणार. एक, जुनी सिनेमाची गाणी जिवंत वादकांनी वाजवलेली आहेत, ती मशीनसारखी एका वेगात चालत नाहीत. कडव्यात सैल पडतात, धृपदाला पळतात. सॉफ्टवेअरने दाखवलेला ठोक्यांचा आकडा अशा गाण्याला खोटा असतो. ठोक्यांच्या खुणा हाताने बसवा, किंवा गाण्यातला चार-आठ ठोक्यांचा एकसारखा तुकडा शोधून तोच फिरवत ठेवा आणि त्यावरून पुढे जा. कूल हर्क नावाच्या डीजेने १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन नेमकं हेच केलं, त्यातून हिप-हॉप उभं राहिलं. तुम्हाला फक्त बटण दाबायचंय.

दुसरी, जुनी रेकॉर्ड नव्या गाण्याच्या शेजारी बारीक आणि पोकळ वाटते. लोक गाणं वाईट म्हणून सोडत नाहीत, अचानक छातीतला धक्का गेला म्हणून सोडतात. आधीच गेन (त्या चॅनेलचा मूळ आवाज) वाढवून ठेवा, बेस थोडा उचला, हवं तर खाली साधा ड्रमचा ठोका चालू ठेवा. मिक्सरवर लाल दिवा लागेपर्यंत मात्र नेऊ नका.

लावणीच्या किंवा गोंधळाच्या अंगाची गाणी तिनाच्या चालीत झुलतात, हाउस म्युझिकचा सरळ चारचा ठोका त्यांच्यावर बसवायला गेलं की दोन्ही लंगडतात. अशा वेळी मिसळूच नका. आधीचं गाणं तोडा, हलगीची एक उठाण वाजू द्या, लगेच नवं गाणं. आपल्या लोकांना हा बदल मिरवणुकीतून सवयीचा आहे.

७. फर्माइशी, भाषा आणि तारखा

"भावा, एक आपलं लाव की." "अण्णा, वंद जानपद हाक्री", म्हणजे एक जानपद लावा. दोघंही एकाच वेळी येतात आणि दोघंही बरोबर असतात.

नवीन माणूस यावर सोपा उपाय काढतो: एक मराठी, एक कन्नड, एक हिंदी. कागदावर न्याय्य दिसतं, फ्लोअरवर दर चार मिनिटांनी एक टोळी उठते आणि दुसरी बसते. त्यापेक्षा एका भाषेची तीन गाणी सलग लावा, मग तालाचा तुकडा किंवा दोन भाषांतली एकच चाल, मग दुसऱ्या भाषेची तीन. पहिल्या टोळीतले निम्मे जण दुसऱ्या भाषेच्या पहिल्या गाण्यापर्यंत फ्लोअरवर थांबतात. जानपदातलं कोणतं गाणं या महिन्यात चाललंय हे हॉटेलातल्या वेटरना विचारा. ते सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगलकडचे असतात आणि त्यांची माहिती कुठल्याही चार्टपेक्षा ताजी असते.

"लावतो" म्हणालात तर लावाच, नाहीतर म्हणू नका. नोट पुढे आली तर हसून परत करा. एक नोट घेतली की रात्र नोटवाल्याची होते. कुणी मोबाइलची स्क्रीन डोळ्यासमोर नाचवली तर गाण्याचं नाव वाचून घ्या. एकाच गाण्यासाठी तीन वेगवेगळे लोक आले तर ते गाणं पहिल्या पेटीत हवं होतं असं समजा.

काही गोष्टींना स्पष्ट नाही म्हणायचं. जिथे दारू चालू आहे तिथे देवाची गाणी, शिवाजी महाराजांचे पोवाडे, यल्लम्माची गाणी लावायची नाहीत. यल्लम्माच्या गाण्यातलं चौंडकं हे वाद्य लोकांना नाचवतं हे खरं, पण "उदो उदो" बारमध्ये ऐकून कुणाचं मन दुखेल ते आधी कळत नाही. घोषणा असलेलं कुठलंही गाणं, कुठल्याही भाषेतलं, नको. आणि १ नोव्हेंबरचं बुकिंग विचार करून घ्या. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि १९५६ च्या भाषावार रचनेचा निषेध म्हणून महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिवस पाळते. कार्यक्रम कुणाचा आणि कशासाठी हे पूर्ण कळल्याशिवाय त्या तारखेला होकार देऊ नका. बोर्ड, बॅनर, माइकवरचं बोलणं कोणत्या भाषेत हे आयोजकाने ठरवायचं, तुम्ही माइक शक्यतो हातातच घेऊ नका.

८. गाणं पडलं तर

अनोळखी गाण्याला दीड मिनिट द्या. पहिल्या अर्ध्या मिनिटात काही जण जातातच, त्याने घाबरायचं नाही. लोकांच्या तोंडाकडे बघू नका, नवीन गाणं ऐकताना सगळ्यांचीच तोंडं गंभीर होतात. पायांकडे बघा. पाय चालू असतील तर गाणं चालू ठेवा. पाय थांबले आणि बारकडे पाठी वळल्या, तर चालू पट्टी संपू द्या, तालाचा तुकडा फिरवत ठेवा आणि पुढच्या पहिल्या ठोक्यावर पहिल्या पेटीतलं सगळ्यात हुकमी गाणं आणा. यासाठी एक गाणं दुसऱ्या चॅनेलवर कायम तयार असायला हवं. गाणं मध्येच कापून शांतता करू नका, कापल्यावर लोकांना कळतं की डीजेला स्वतःलाच खात्री नव्हती.

कधी कधी गाणं बरोबर असतं, वेळ चुकलेली असते. मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं, "गाणं बरं हाय, खरं नाचाय येत नाही." तेच गाणं पुढच्या वेळी पावणेआठला लावलं तर त्याच माणसाने नाव विचारलं.

९. दुसऱ्या दिवशी सकाळी

वाजवलेल्या गाण्यांची यादी सॉफ्टवेअरमध्ये आपोआप राहते. तिच्यापुढे तीनच खुणा करा: उठले, थांबले, बसले. शेजारी जागेचं नाव आणि वार लिहा, कारण शुक्रवारी कॅम्पात बसलेलं गाणं रविवारी निपाणीत उठतं.

मग पेट्या बदला. ज्या अनोळखी गाण्याचं नाव दोनदा कुणी विचारलं ते मधल्या पेटीत टाका. त्याच हॉटेलात त्याच लोकांपुढे ते तीन-चार वेळा चाललं की पहिल्या पेटीत. पहिल्या पेटीतलं जे गाणं सलग तीन रात्री लोकांनी फोन बघत ऐकलं ते काढून टाका, कितीही मोठं हिट असलं तरी. रिकाम्या झालेल्या जागी नवी अनोळखी गाणी भरा, पेन ड्राइव्हच्या दोन्ही प्रती सारख्या करा, तबकड्या पुसून पाकिटात घाला आणि हॉटेलने रात्री टाकलेले उरलेले पैसे जमा झालेत का ते बँकेत बघा.